गावच्या शिळेवर फक्त आकडा: पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांची यादी कशी उभी करावी

सातारा, सांगली, पुणे, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत एक संगमरवरी शिळा सापडते. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे शाळेच्या व्हरांड्यात. मजकूर दोन-तीन ओळींचा असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके इसम गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे बहुधा नसतात.

ती माणसे कोण, हा प्रश्न पडलेले अभ्यासक बहुतेक वेळा एकाच वाटेने चुकतात. इंटरनेटवर आडनाव टाकायचे, गावात चालणारी आडनावे उचलायची, शिळेवरचा आकडा जुळला की थांबायचे आणि यादी ग्रामदैवताच्या यात्रेच्या स्मरणिकेत छापून टाकायची. अशी यादी एकदा छापली गेली की पुढचा लेखक तिलाच पुरावा धरतो. मग शेजारच्या तालुक्यातला कोणीतरी शिंदे कायमचा तुमच्या गावचा होऊन बसतो.

पुढचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे: आधी शिळा, मग गावाची जुनी ओळख, मग युद्धस्मारकांची नोंद, मग महसुली दप्तर आणि त्यानंतर घरोघर चौकशी. घरोघर फिरणे सर्वांत सोपे वाटते, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. पण हातात नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख नसताना विचारलेल्या प्रश्नाला ‘आमचे पणजोबा मिलिटरीत होते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि मिळाले तरी ते पारखता येत नाही.

टप्पा १: वही आखून घ्या

एका माणसाला एक पान किंवा संगणकावर एक ओळ द्या. रकाने असे: नोंदीत जसे आहे तसे नाव, सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, स्मारक किंवा दफनभूमी, ही माहिती कुठून मिळाली, आणि कोणत्या दिवशी पाहिली. ‘नोंदीत जसे आहे तसे’ हा रकाना अक्षरशः पाळा. इंग्रजी नोंदीतले विचित्र स्पेलिंग सुधारून लिहिले तर दुसऱ्यांदा तेच नाव शोधताना तुमचे तुम्हालाच सापडणार नाही. तुम्हाला योग्य वाटणारे मराठी नाव शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहा.

कालमर्यादा आधी ठरवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन (ब्रिटन व राष्ट्रकुलाच्या युद्धमृतांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणारी संस्था, पुढे नुसते ‘कमिशन’) पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरते. शिळांवर मात्र १९१४ ते १९१९ असते. १९२० साली इराकात वारलेला शिपाई कमिशनच्या यादीत असेल आणि शिळेच्या आकड्यात नसेल. हा फरक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, पुढे अनेक कोडी त्यानेच सुटतात.

टप्पा २: शिळा वाचा, पण तिला हात लावू नका

शिळा जागेवर नसेल तर घाईने ‘नष्ट झाली’ असे लिहू नका. जुनी चावडी पाडून ग्रामपंचायतीची इमारत उभी राहिली की शिळा अडगळीच्या खोलीत, पाण्याच्या टाकीखाली किंवा जिर्णोद्धार झालेल्या देवळामागे जाते. गवंडीकाम केलेल्या माणसाला विचारा, सरपंचापेक्षा त्याला जास्त माहीत असते. काही ठिकाणी ऑइल पेंटचे थर चढून मजकूर दिसेनासा झालेला असतो.

झिजलेली अक्षरे वाचायची रीत अशी. सूर्य खाली असताना जा, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च शिळेला जवळजवळ चिकटवून एका बाजूने प्रकाश टाका. कोरलेल्या खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. प्रकाशाची दिशा बदलत चारही बाजूंनी फोटो घ्या. एक फोटो संपूर्ण शिळेचा, एक प्रत्येक ओळीचा आणि एक आजूबाजूच्या भिंतीसकट, म्हणजे जागा कळेल. मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असेल तर दोन्ही वेगवेगळे उतरवा. गावाचे त्या काळचे इंग्रजी स्पेलिंग शिळेवरच मिळाले तर पुढचे निम्मे काम तिथेच झाले म्हणा.

*सावधान:* अक्षरांत खडू, चुना, कुंकू किंवा रंग भरू नका. ॲसिडने तर मुळीच धुऊ नका. संगमरवर ॲसिडने विरघळतो आणि उरलेसुरले अक्षर कायमचे जाते. स्वच्छ पाणी आणि मऊ फडके एवढेच पुरे.

*तपासणी:* आकडा दोघांनी वेगवेगळा वाचून वहीत लिहिला का? मराठी १ आणि ९, इंग्रजी 3 आणि 8 यांत झिजलेल्या दगडावर सहज गफलत होते.

टप्पा ३: गावाचा १९१४ सालचा पत्ता काढा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

आजचा जिल्हा विसरा. १९१४ साली सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसे नोंदीत ‘रत्नागिरी’ म्हणून येतात. रायगड तेव्हा कुलाबा होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तर विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात. त्याखेरीज कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, जत, भोर, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने. संस्थानातल्या गावाची नोंद कधी संस्थानाच्या नावाने असते, तर कधी लगतच्या ब्रिटिश जिल्ह्याच्या.

दुसरा गुंता तालुक्याच्या नावाचा. तालुक्याचे नाव आणि त्याचे मुख्य ठिकाण अनेकदा वेगळे असते: खानापूर तालुक्याचे विटा, वाळव्याचे इस्लामपूर, जावळीचे मेढा, खटावचे वडूज, माणचे दहिवडी, पुरंदरचे सासवड, संगमेश्वरचे देवरुख. आजच्या बारामती-दौंड भागाला तेव्हा भीमथडी तालुका म्हणत. भरतीच्या कारकुनाने ‘खानापूर’ लिहिले असेल तर ते सातारा जिल्ह्यातले की बेळगाव जिल्ह्यातले, हे जिल्ह्याचे नाव पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ‘खेड’चेही तसेच. एक रत्नागिरी जिल्ह्यात, दुसरे पुणे जिल्ह्यात, जे आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. नुसत्या ‘खेड’ शब्दावर एखादे नाव गावच्या यादीत घेणे म्हणजे चिठ्ठी उचलण्यासारखे आहे.

आता गावाच्या नावाची शक्य तितकी इंग्रजी रूपे लिहून काढा. शेवटचा ‘ए’ असेल-नसेल, ‘व’साठी ‘व्ही’ किंवा ‘डब्ल्यू’, ‘ळ’साठी ‘एल’, ‘ठ’साठी ‘टी’ किंवा ‘टीएच’. जिल्ह्यांची जुनी रूपेही जोडा: पूना, थाना, कोलाबा. बुद्रुक-खुर्द हा फरक नोंदीत बहुधा गळून पडतो, तेव्हा दोन्ही गावांची नावे एकत्र येणार हे गृहीत धरा. वाड्यांची नावे वेगळी लिहा. कोकणातला शिपाई गावाऐवजी वाडीचे नाव सांगून भरती झालेला असू शकतो.

कोयनेच्या धरणात बुडालेल्या जावळी-पाटणच्या गावांचा शोध घेत असाल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे धरणापूर्वीचे नकाशे काढा. आजच्या गावयादीत ती गावे जुन्या जागी दिसणार नाहीत आणि पुनर्वसित वसाहत वेगळ्याच जिल्ह्यात असू शकते.

*तपासणी:* तुमच्या गावाच्या नावाचे दुसरे गाव त्या काळच्या मुंबई इलाख्यात कुठे होते, याची यादी तयार आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: कमिशनची नोंद गावाच्या नावाने शोधा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिची नोंद संकेतस्थळावर मोफत पाहता येते. लोक तिथे आडनाव टाकतात. तुम्ही आडनावाची चौकट रिकामी ठेवा. प्रगत शोधात युद्ध ‘पहिले महायुद्ध’ आणि सैन्य ‘भारतीय’ असे निवडा, आणि ‘अतिरिक्त माहिती’च्या चौकटीत गावाचे किंवा तालुक्याचे इंग्रजी नाव टाका. भारतीय सैनिकांच्या नोंदीत याच जागी ‘अमुकचा मुलगा, राहणार गाव, तालुका, जिल्हा, मुंबई इलाखा’ अशा धर्तीची ओळ असते. सगळ्यांच्या नोंदीत नसते, पण जिथे असते तिथे ती सोन्याची.

टप्पा ३ मधले प्रत्येक स्पेलिंग एकेक करून टाका. मग गावाचे नाव सोडून फक्त तालुक्याचे नाव टाका आणि संपूर्ण यादी डाउनलोड करा, संकेतस्थळ ती तक्त्याच्या रूपात देते. तालुक्याची यादी ओळीने वाचताना तुमचे गाव अशा रूपात सापडते ज्याची कल्पनाही केली नसती. हे काम कंटाळवाणे आहे. पण यंत्राला जे सापडत नाही ते गावची बोली कानात असलेल्या माणसाला दिसते: कारकुनाने जे ऐकले ते लिहिले, आणि तुम्ही ते मोठ्याने वाचलेत की गाव ओळखू येते.

*सावधान:* पंजाबमधील भरतीच्या जुन्या नोंदवह्या अलीकडे इंटरनेटवर आल्या आहेत. त्यांत आपले गाव शोधत बसू नका. त्या पंजाब प्रांताच्याच आहेत.

टप्पा ५: पलटणीच्या बाजूने दुसरा फेरा

गावाचा उल्लेख नसलेल्या नोंदींसाठी पलटण धरून शोधा. १९१४ साली मराठा पलटणी आजच्या नावाने नव्हत्या. १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फंट्री होत्या, तर ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी. १९२२ च्या फेररचनेत या सहा मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणून १९१६ साली पडलेल्या शिपायाला कोणी ‘पाचवी मराठा’ लावले असेल तर ते नंतर कोणीतरी जोडलेले आहे, एवढे निश्चित. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर इराकातल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत बरेच जण वारले. घरात ‘पत्ताच लागला नाही’ असे सांगितले जाणाऱ्या माणसाचा शोध या तीन पलटणींत आधी घ्या.

मराठा पलटणींवरच थांबू नका. खडकीची तिसरी सॅपर्स अँड मायनर्स (लष्करी बांधकाम करणारे सैनिक), रस्ते-खंदकांची कामे करणाऱ्या पायोनियर पलटणी, १९१७ साली उभी राहिलेली आणि १९२१ साली मोडलेली १११ वी महार पलटण पाहा. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे बिनलढाऊ दले: खेचरांची पथके, सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, लेबर कोर, पोर्टर कोर, डोलीवाले, इस्पितळातले सेवक. नोंदीत त्यांचा हुद्दा स्वयंपाकी, भिस्ती, सफाई कामगार, ड्रायव्हर असा येतो. शिळेवरच्या ‘इसम गेले’ या शब्दांत तेही असू शकतात. फक्त ‘शिपाई’ हुद्द्याची नावे गोळा करणारा अभ्यासक गावच्या अर्ध्या वस्तीला नकळत वगळतो.

कोकणच्या किनाऱ्यावरील गावांनी खलाशी विसरू नयेत. समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे १९१४-१९१८ चे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशी गृहात आहे. त्यांची नोंद सैन्याच्या पलटणीखाली मिळत नाही, जहाजाच्या नावाखाली मिळते.

आडनावे शोधताना ही अडचण येते: जाधव, चव्हाण, पवार, सावंत, भोसले, मोरे यांची इंग्रजी रूपे तीन-तीन, चार-चार आहेत. नावाच्या सुरुवातीची दोन-तीन अक्षरेच टाका. कधी आडनावाच्या जागी पहिलेच नाव असते, कधी वडिलांचे. म्हणून ‘गणपत’, ‘रामा’, ‘तुकाराम’, ‘धोंडी’ अशी त्या काळी गावोगावी असलेली नावेही आडनावाच्या चौकटीत टाकून पाहा.

*तपासणी:* सैनिक क्रमांक उतरवला का? एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. दोन गणपत शिंदे वेगळे करणारी खात्रीची खूण म्हणजे क्रमांक आणि पलटण यांची जोडी. नुसता क्रमांकही पुरत नाही, कारण तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीतही असतो.

टप्पा ६: स्मारकाचे नाव नीट समजून घ्या

नोंदीत ‘बसरा मेमोरियल’ आले म्हणजे तिथल्या भिंतीवर नाव कोरलेले आहे असे नाही. त्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांचे स्मरण आहे, पण भारतीयांपैकी नावे कोरली गेली ती अधिकाऱ्यांचीच. इतर भारतीय सैनिक पलटणीगणिक संख्येने दाखवले गेले आणि त्यांची नावे नोंदवहीत राहिली. म्हणजे गावच्या शिळेवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच. कुटुंबाला फोटोचे आश्वासन देण्याआधी हे सांगा.

फ्रान्समध्ये पडलेल्यांपैकी ज्यांची कबर ज्ञात नाही त्यांची नावे नव्ह शापेल येथे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांत वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांचा भरणा आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडलेला माणूस इंडिया गेटवर सापडला नाही म्हणून त्याला यादीतून काढू नका. खडकीचे १९१४-१९१८ स्मारक जवळचे, म्हणून लोक आधी तिकडे जातात. ते भारतात वारलेल्या आणि ज्यांच्या कबरींची देखभाल करणे शक्य राहिले नाही अशांसाठी आहे, परदेशी पडलेल्या गावकऱ्यांसाठी नाही.

नाव कुठेच मिळाले नाही तर? कमिशननेच नेमलेल्या समितीने २०२१ साली अहवाल दिला. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील किमान १ लाख १६ हजार मृतांचे स्मरण नावानिशी झाले नाही, किंवा झालेच नाही, असे त्यात मान्य केले आहे. नोंद नसणे हा माणूस गेला नसल्याचा पुरावा नाही. पण म्हणून पुरावा नसलेले नाव घेता येते असेही नाही.

टप्पा ७: महसुली दप्तर

आता हातात काही नावे आहेत. त्यांना गावात बांधायचे. यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे जुने फेरफार. खातेदार मरण पावला की वारस नोंद होते, आणि १९१५ ते १९२५ च्या फेरफारांत ‘लढाईत मयत’ किंवा त्या अर्थाचा शेरा मिळू शकतो. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, ते इथे दिसणार नाहीत. थोरला भाऊ किंवा वडील खातेदार असतील तर शिपायाचे नाव येणारच नाही. म्हणून फक्त फेरफारावर यादी आधारली तर ती जमीनवाल्यांची यादी होते.

काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. आधी तिथे पाहा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा साधा अर्ज करा. अर्जात गाव, तालुका, नोंदीचा प्रकार आणि वर्षे स्पष्ट लिहा. ‘पहिल्या महायुद्धाची माहिती मिळावी’ असा अर्ज केलात तर ‘अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’ हेच उत्तर येणार, आणि ते नियमाने बरोबरही असेल. कारकुनाकडे फेरफार असतात, महायुद्ध नसते.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूसाठी चांगले. परंतु परदेशात वारलेल्याची नोंद गावच्या मृत्यूंत असेलच असे नाही. या बुकाचा उपयोग उलट्या बाजूने करा: त्या माणसाच्या मुलांचे जन्म कोणत्या साली थांबले, ते पाहा. जुन्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टरही असेच कामाचे. त्यात मुलाचे पालक म्हणून वडिलांऐवजी आजा, चुलता किंवा आई दिसली तर ते नाव तपासाच्या यादीत जाते. पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून.

यातले बरेच कागद मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, शब्द सलग लिहिलेले असतात. नावे स्वतः अंदाजाने लावू नका. जाणकाराला संपूर्ण पान द्या, फक्त तुम्हाला हवी ती ओळ कापून देऊ नका. त्याच लेखनिकाची बाकीची अक्षरे पाहूनच शंकास्पद अक्षर लागते. आणि तुम्हाला कोणते नाव अपेक्षित आहे ते त्याला आधी सांगू नका.

पुराभिलेख संचालनालयाच्या मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर येथील दफ्तरखान्यांत संस्थाने आणि इलाख्याचे कागद आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येते. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यांत अधिकाऱ्यांची नावे असतात, शिपाई बहुधा संख्येनेच येतो. तरीही मृत्यूच्या दिवशी पलटण कुठे होती हे तिथून कळते, आणि चुकीची तारीख पकडता येते. ब्रिटिश काळातली १८८० च्या दशकातली जिल्हा गॅझेटिअर्स या कामासाठी उघडूच नका, ती युद्धाच्या तीन दशके आधीची आहेत.

टप्पा ८: घरोघर

यादी खिशात ठेवा, हातात धरू नका. आधी मोकळा प्रश्न: घरातले कोणी बसऱ्याला, बगदादला, आफ्रिकेला, फ्रान्सला गेले होते का? नाव त्यांच्या तोंडून आले पाहिजे. आपण यादी वाचून दाखवली की ‘हो हो, तेच आमचे’ असे होते. त्यात फसवण्याचा हेतू नसतो, पण तो पुरावाही उरत नाही.

सर्व वाड्यांत आणि सर्व वस्त्यांत जा. गावठाणातल्या दोन-चार प्रतिष्ठित घरांवर यादी संपवू नका. मुंबईला स्थायिक झालेल्या भावकीचा फोन नंबर घ्या, जुनी पदके पुष्कळदा तिकडेच असतात.

वस्तू दाखवल्या तर काय पाहायचे? ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ती पाठीमागे असते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे नसून ब्राँझचे असेल तर तो माणूस बहुधा लेबर कोरसारख्या बिनलढाऊ दलातला. ही पदके जिवंत परतलेल्यांनाही मिळाली, त्यामुळे पदक म्हणजे मृत्यूचा पुरावा नव्हे. मृताच्या वारसांना मिळे ती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची गोल तबकडी. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा किंवा पलटण नसते. घरी तबकडी आहे आणि कमिशनच्या यादीत त्या नावाचे सहा जण आहेत, असे झाले तर वडिलांचे नाव आणि गाव जुळल्याशिवाय एकालाही निवडू नका.

*सावधान:* पदक घासून चकचकीत करू नका, करू देऊ नका. कडेवरची बारीक अक्षरे ब्रासोने जातात. फोटो घ्या, वस्तू घरी घेऊन जाऊ नका.

टप्पा ९: प्रतवारी लावा, आकडा जुळवू नका

तीन प्रती पुरतात. *पक्के:* नाव, वडील किंवा पत्नी, गाव आणि तालुका कमिशनच्या नोंदीत जुळतात आणि गावाकडचा एक स्वतंत्र कागद किंवा वस्तू त्याला दुजोरा देते. *संभाव्य:* दोन्हींपैकी एकच बाजू भक्कम. *ऐकीव:* फक्त घरची आठवण. दोन संकेतस्थळांवर तेच नाव दिसले म्हणून दोन पुरावे होत नाहीत. बहुधा दुसऱ्याने पहिल्यावरून उतरवलेले असते.

आणि आता तो आकडा. शिळेवर समजा नऊ आहे. तुमच्याकडे पक्की सहा आणि संभाव्य दोन नावे आहेत. उरलेले एक नाव कुठून तरी आणून नऊ करण्याचा मोह होतो, आणि गावकरीही तेच विचारतात. आठवर थांबा. तफावतीची साधी कारणे बरीच आहेत: शिळेत वाड्या धरल्या असतील किंवा नसतील, माणूस दुसऱ्या गावाचा पत्ता देऊन भरती झाला असेल, बिनलढाऊ मोजला गेला नसेल, रजेवर येऊन १९१८ च्या इन्फ्लुएन्झात घरी वारलेला काहींनी धरला आणि काहींनी सोडला. उलटही होते, शिळेवर चार आणि पक्की नावे सहा. त्यात शिळा ‘चुकीची’ ठरवण्याची घाई नको. आधी टप्पा ३ कडे परत जा आणि बुद्रुक-खुर्द तपासा.

*तपासणी:* यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याचा आधार लिहिला आहे का? आधाराचा रकाना रिकामा असलेले नाव छापायला देऊ नका.

टप्पा १०: नोंद कळवणे आणि लावणे

कमिशनच्या नोंदीत स्पेलिंग किंवा गाव चुकले असेल, किंवा माणूस मुळातच गाळला गेला असेल, तर पुराव्यासह कळवता येते. गाळलेल्या माणसासाठी त्याची सेवा, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा सेवेशी संबंध, हे तिन्ही कागदाने दाखवावे लागते. घरची आठवण किंवा स्मरणिकेतला लेख चालत नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायचे ते याच टप्प्यावर, क्रमांक आणि जुनी पलटण देऊन. ‘आमच्या गावच्या सर्व सैनिकांची माहिती द्यावी’ अशा पत्राचे कोणालाच काही करता येत नाही.

गावात नावांचा फलक लावायचा ठरला तर जुन्या शिळेवर काहीही कोरू नका आणि तिला नव्या ग्रॅनाइटने झाकू नका. शेजारी स्वतंत्र फलक लावा. त्यावर फक्त पक्की नावे क्रमांक आणि पलटणीसह द्या, संभाव्य नावे ग्रामपंचायतीत ठेवलेल्या वहीत राहू द्या. फलकाच्या तळाशी यादी कोणत्या महिन्यापर्यंतच्या माहितीवर आहे ते लिहा आणि खाली दोन-तीन ओळींची जागा कोरी सोडा.